‘चांगल्या कामासाठी चालवतोय’ म्हटल्यावर घरच्यांनी बोलायचं तरी काय?

या वेळचं पत्र एका सायकलवाल्याचं आहे, थोडं छोटं करून देतेय.

“ताई नमस्कार. माझं वय ४१. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा. काही वर्षांपूर्वी वजन कमी करायला सायकल घेतली आणि अक्षरशः वेड लागलं. आता शनिवारी ग्रुप राइड, रविवारी लाँग राइड, अधूनमधून ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. यंदा २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या चारही पूर्ण करून सुपर रँडोनर हा किताब मिळवायचाय, २०२७ ची फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइड हे तर स्वप्नच आहे. सोबत चॅरिटी चॅलेंजेसही करतो. या वर्षी दोन झाली, आता तिसरं आहे, एका महिन्यात १००० किलोमीटर, कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी. नाव नोंदवलं, मग घरी सांगितलं. बायको म्हणाली, ‘कर. तू चांगल्या कामासाठी करतोयस, मी काय बोलणार.’ त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलते. मला दारूचं व्यसन नाही, पत्ते नाहीत, फक्त सायकल आहे. मग माझं चुकतंय कुठे? तिसरं चॅलेंज सोडू का? की सायकलच विकून टाकू? आणि मुलगी मागे लागलीय की मलाही ने, पण तिच्याबरोबर गेलो तर ट्रेनिंग होत नाही.”

नमस्कार. मी स्वतः सायकल चालवते, त्यामुळे पहाटे रिकाम्या रस्त्यावर पहिला अर्धा तास कसा वाटतो ते मला माहितीये, आणि चाळिशीत एखादी गोष्ट अशी मनापासून आवडायला लागणं किती मोठं आहे तेही माहितीये. सायकल विकायचा विचार डोक्यातून काढून टाका. पण बायकोचं ते वाक्य मला पत्र वाचल्यापासून टोचतंय. ‘मी काय बोलणार.’ तुम्ही तो होकार धरलात आणि कामाला लागलात. तो होकार नव्हता हो.

समजा तुम्ही म्हणाला असतात की मला मित्रांबरोबर चार दिवस फिरायला जायचंय. ती म्हणू शकली असती की या महिन्यात नको, माझ्या ऑफिसमध्ये गडबड आहे, धाकट्याचा खोकला अजून गेला नाहीये, पुढच्या महिन्यात बघू. कदाचित वाजलं असतं तुमचं, पण बोलता तरी आलं असतं. आजारी मुलांसाठी पैसे गोळा करणाऱ्या माणसाला ‘नको जाऊ’ कसं म्हणणार? म्हटलं तर ती स्वतःच्याच नजरेत वाईट ठरते. म्हणजे तुम्ही मुद्दाम केलं नसेल, मला खात्री आहे नसेलच केलं, पण चॅरिटी मध्ये आणून तुम्ही तिच्या तोंडाला कुलूप लावलंत. आणि तेही नोंदणी झाल्यावर, म्हणजे विचारलं नाहीत, कळवलंत. बाहेर लोक तुमच्या फोटोखाली ‘सलाम’ लिहितायत, आणि घरात जिच्या जिवावर हे चाललंय तिला साधी तक्रार करायचीही सोय राहिली नाही. माझ्या मते तुमच्या घरातली धुसफूस सायकलमुळे कमी आणि यामुळे जास्त आहे.

आणि ते दारू-पत्त्यांचं बाजूला ठेवा. ती तुमची तुलना दारुड्याशी करत नाहीये. ती रविवारी सकाळी दोन मुलांना घेऊन एकटी आहे, तिच्या डोक्यात तेवढंच आहे.

आता तासांबद्दल, कारण सायकलवाले तास फार चुकीचे मोजतात. तुमच्या स्ट्रावावर, म्हणजे राइड मोजणाऱ्या ॲपवर, तीन तास दहा मिनिटं येतं आणि तुम्हाला वाटतं घरातून आपण तेवढेच गेलो. प्रत्यक्षात शनिवारी रात्री साडेआठपासून तुम्ही टायरची हवा बघताय, लाइट चार्जिंगला लावताय, बाटल्या भरताय. साडेनऊला तुम्हाला झोपायचंय म्हणून ती धाकट्याला दुसऱ्या खोलीत घेऊन जाते. चारला अलार्म वाजतो, तुम्ही उठता आणि तीही जागी होते, फक्त ती परत झोपू शकते की नाही हे तुम्हाला कळत नाही कारण तोवर तुम्ही बाहेर पडलेले असता. साडेनऊला येतो म्हणालेले तुम्ही पावणेअकराला येता, कुणाचं तरी पंक्चर झालं होतं, मग सगळे गप्पा मारत उभे राहिले. मग आंघोळ, मग चेन पुसून तेल, मग जेवण, आणि दुपारी दोन तास तुम्ही आडवे. संध्याकाळी फोन हातात, चॅलेंजसाठी देणगीचे मेसेज. हे सगळं धरून बघा किती होतं. एक रविवार स्वतः कागदावर मांडा, तिला दाखवायला नाही, स्वतःला कळायला.

यातला सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग कुठला असेल तर तो लांबी नाही, परत यायची वेळ पक्की नसणं हा आहे. पाच तास जातो म्हणून पाच तासांत आलेला माणूस चालतो. तीन म्हणून साडेचार करणारा चालत नाही, कारण त्या दीड तासात घरातलं कुणी काही ठरवूच शकत नाही, ना बाहेर जाता येतं ना निवांत बसता येतं. त्यामुळे इथून पुढे अंतरावर नाही, घड्याळावर परत फिरा. साडेनऊला दारात असायचं असेल तर पंचेचाळीस मिनिटं हातची राखूनच वळायचं, येताना समोरून वारा लागणारच असं धरून. दोन ट्यूब सोबत ठेवा, एक नाही. ग्रुप अजून वीस किलोमीटर पुढे जात असेल तर जाऊ दे, हात करा आणि वळा. सुरुवातीला जड जातं, आपण कच्चे आहोत असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांत ग्रुपलाही सवय होते आणि घरी तुमच्या शब्दाला किंमत येते, आणि ही एक गोष्ट बदलली तरी घरातलं वातावरण बरंच हलकं होतं हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

एक अवांतर पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्यात ज्या लग्न झालेल्या बायका सायकल चालवतात त्यांच्यापैकी कुणी आधी फी भरून मग घरी सांगितलंय असं मी पाहिलेलं नाही. त्या आधी मुलांचं बघतात, स्वयंपाकाचं बघतात, सासूबाईंची डॉक्टरची तारीख बघतात, मग विचारतात, आणि मगच फॉर्म भरतात. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. तुम्हाला यातलं अर्धं जमलं तरी पुष्कळ आहे.

तिसऱ्या चॅलेंजबद्दल सरळ सांगते, १००० किलोमीटर करू नका. हिशोब बघा, महिन्याचे ३० दिवस रोज ३३ किलोमीटर, ताशी २२ च्या वेगाने रोज दीड तास, एकही दिवस सुट्टी नाही. म्हणजे महिन्यात ४५ तास नुसते सॅडलवर, वर सांगितलेली तयारी, आंघोळ, झोप हे वेगळंच. चार वर्षांचं मूल घरात असताना आणि त्याच वर्षी चार ब्रेवे डोक्यात असताना हे ४५ तास तुमच्याकडे नाहीयेत, ते तुम्ही तिच्याकडून घेणार आहात. पण निधी गोळा करणं थांबवू नका. आयोजकांना लिहा की मी किलोमीटर कमी करतोय, ३०० करतोय किंवा करतच नाहीये, पण पैसे गोळा करून देतोय. कुठलीही धड संस्था याला नाही म्हणणार नाही, त्यांना तुमचे किलोमीटर नकोच आहेत. ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनाही दोन ओळी टाका की घरच्या जबाबदारीमुळे अंतर कमी केलंय, तुमची देणगी जशीच्या तशी पोचलीय. कुणी परत मागणार नाही.

राइड आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मनात वेगळ्या ठेवायला शिका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज म्हणून राइड आहे, कॅन्सर उपचार आणि संशोधनासाठी निधी गोळा करणारी. १९८० साली बिली स्टार यांनी सुरू केली तेव्हा ३६ जण होते आणि दहा हजार डॉलरच्या आसपास जमले होते. आज सायकलवरून निधी उभारणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या उपक्रमांमध्ये ती मोजली जाते, आणि ती असते वर्षातून एकदा, ऑगस्टमधला एक वीकएंड. वर्षातून एकदा! बाकीचं वर्षभर लोक शांतपणे पैसे मागत असतात, पत्रं लिहीत असतात, ओळखी काढत असतात. पैसा तिथून येतो. तुम्ही वर्षात तीन चॅलेंजेस घेता तेव्हा त्याच नातेवाइकांकडे, त्याच ऑफिसवाल्यांकडे, त्याच ग्रुपकडे तीनदा हात पसरता, तिसऱ्या वेळी ते निम्मे देतात आणि मेसेज म्यूट करतात. त्यापेक्षा वर्षाला एकच काम निवडा, आणि ते दोघांनी मिळून निवडा. तिलाही एखाद्या कामाबद्दल आतून वाटत असेल, तुम्ही कधी विचारलंय का? आणि एंट्री फी, प्रवास, राहणं, नवी जर्सी असा तुमचा खर्च एकदा जमलेल्या देणगीशेजारी लिहून बघा. खर्च देणगीच्या जवळपास जात असेल तर ती सहल आहे, छान सहल आहे, पण मग घरात तिला सहलच म्हणा, म्हणजे समोरच्याला तिच्यावर बोलता येईल.

एक धोका मात्र टाळा. हे वाचून घरी जाऊन ‘ठीक आहे, सोडून देतो सगळं, सायकलच नको’ असं म्हणू नका. ते ऐकायला त्यागासारखं वाटतं पण ती शिक्षा असते, आणि ती तिला होते. मग पुढची पाच वर्षं तुमचं पोट सुटलं तरी तिच्यामुळे आणि तुम्ही चिडचिडे झालात तरी तिच्यामुळे.

आता ट्रेनिंग. आठवड्याला सहा तासांत तब्येत टिकते का? टिकते. व्यायामावर संशोधन करणारे रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये जो अभ्यास केला त्यात आठवड्यातून सहा दिवस जोरदार व्यायाम करून तयार झालेल्या लोकांनी नंतर दोनच दिवस केला, पण जोर तेवढाच ठेवला, तरी १५ आठवड्यांनंतर त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, तशीच टिकून होती. म्हणजे दिवस कमी झाले तरी चालतात, जोर कमी होऊन चालत नाही. आणि नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर, ज्यांचं नाव ८०-२० वाल्या ट्रेनिंगमुळे (८० टक्के हलकं, २० टक्के जोरदार) तुम्ही ऐकलं असेल, त्यांनी हौशी सायकलवाल्यांवर वेगवेगळे इंटर्व्हल, म्हणजे मध्ये आराम घेत करायचे जोरकस तुकडे, लावून पाहिले, त्यात ८ मिनिटांचे ४ हा प्रकार सगळ्यात फायद्याचा ठरला. पंधरा मिनिटं वॉर्मअप, आठ-आठ मिनिटांचे चार जोरकस तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं आराम, शेवटी दहा मिनिटं सावकाश, झालं तासाभरात. असे आठवड्यात दोन, मुलं झोपल्यावर घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) किंवा पहाटे. ऑफिसला सायकलने जाता येत असेल तर तो वेळ तर घरातून जातच नाही. मग शनिवारची ग्रुप राइड सोडून द्या. हो, सोडूनच द्या. दोन्ही दिवस सकाळी तुम्ही नसणं हे कुठल्याच घराला परवडत नाही. लाँग राइड एक आड एक रविवारी, चार ते पाच तास, आणि मधला रविवार पूर्ण घरचा.

आणि राइडवर खा! हे मी फार कळकळीने सांगतेय. बरेच जण वजनाच्या नादात चार तास पाणी आणि एका केळ्यावर काढतात, घरी येतात तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं, दुपारभर झोपतात आणि उठल्यावर कुणाशी धड बोलत नाहीत. एवढ्या लांबीच्या राइडला तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट लागतं, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं, म्हणजे बघा तुम्ही किती कमी खाताय. पहिल्या अर्ध्या तासापासून थोडं थोडं खात राहिलात तर अकरा वाजता घरी बाप म्हणून शिल्लक राहाल. दुपारची ती दोन तासांची झोप, जी घरच्यांना सकाळच्या राइडपेक्षाही जास्त खुपते, ती बऱ्यापैकी पोटाचा प्रश्न आहे.

आता एसआर म्हणजे सुपर रँडोनर आणि पीबीपी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस यांचं. वेळेच्या मर्यादा तुम्हाला पाठ असतील पण घराच्या बाजूने एकदा वाचा. २०० ला साडेतेरा तास म्हणजे एक अख्खा दिवस. ३०० ला २० तास. ४०० ला २७, म्हणजे दिवस, रात्र आणि वर दुसऱ्या दिवशीचं डोळे तारवटलेलं घरी येणं. ६०० ला ४० तास, म्हणजे पूर्ण वीकएंड आणि सोमवार अर्धा मेलेला. हे चार वीकएंड झाले, शिवाय तयारीचे, शिवाय एखादी डीएनएफ झाली, म्हणजे अर्धवट राहिली, तर परत. पीबीपी चार वर्षांतून एकदा असते, १२०० किलोमीटर, ९० तास, १८९१ पासून चालत आलेली, तिचं स्वप्न बघणं अगदी योग्य आहे. पण पात्रतेच्या ब्रेवे त्याच वर्षी पुन्हा कराव्या लागतात, त्यामुळे २०२७ हे वर्ष तुमच्या घराला महाग जाणारच आहे. आदल्या वर्षी जास्त लांबीची ब्रेवे केलेल्यांना २०२३ च्या वेळी नोंदणी आधी खुली झाली होती हे खरं, म्हणून एखादी लांब ब्रेवे ठेवा, पण एका सीझनमध्ये चारही करून एसआरचं मेडल हवंच हा हट्ट यंदा सोडा. ज्या वर्षी पीबीपी, त्या वर्षी चॅरिटी चॅलेंज नाही, हेही आत्ताच ठरवून टाका. आणि २०२७ बद्दल तिच्याशी आत्ता बोला, जेव्हा ती ‘नाही’ म्हणू शकते आणि तुम्ही ते ऐकून घेऊ शकता.

४००-६०० नंतर स्वतः गाडी चालवत घरी येऊ नका, कितीही फ्रेश वाटलं तरी. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा मेंदू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखा मंद चालतो हे प्रयोगांत दिसलंय, आणि तुम्ही तर पंचवीस-तीस तास जागे असता. तिथेच झोपा किंवा कुणाला तरी घ्यायला बोलवा. लाइव्ह लोकेशन सुरू ठेवा आणि वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या थांब्याला, एक मेसेज टाका, नुसता ‘पोचलो’ चालेल. रात्री दोनला तिचा डोळा उघडतो तेव्हा तो ठिपका सरकतोय एवढं तिला दिसलं पाहिजे.

तिच्याशी बोलायला बसाल तेव्हा फार तयारी करून जाऊ नका, कॅलेंडर आणि कलर कोड तर नकोच. मुलं झोपल्यावर एवढंच म्हणा, की मी नाव नोंदवून मग सांगितलं, तुला बोलायला जागाच ठेवली नाही. १००० चं मी कमी केलंय. आता मला सांग तुला कशाचा त्रास होतो, मी मध्ये बोलणार नाही. आणि खरंच बोलू नका. ती सायकल सोडून भलत्याच गोष्टींवर जाईल, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाढदिवसावर जाईल, जाऊ दे. ‘पण त्या दिवशी तर मी…’ हे शब्द गिळा. पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही तरी चालेल, आठवड्याने बोलेल.

मग तिचे तास. तुमच्या राइडला जेवढे जातात तेवढेच तिला, दर आठवड्याला, ठरलेले, आणि त्यात ती काय करते हे विचारायचं नाही. झोपली तरी तिची मर्जी. त्या वेळात तुम्ही मुलांना ‘सांभाळून मदत’ करत नसता, ती तुमची मुलं आहेत, आणि धाकट्याचं औषध कुठे ठेवलंय हे फोन करून तिला विचारायचं नसतं. तिचे तास आधी ठरवा, उरलेल्यात तुमची राइड बसवा. उलटं केलंत तर तिचे तास दर वेळी काहीतरी निघून वाहून जातात.

शेवटी मुलगी. ती ‘मलाही ने’ म्हणतेय आणि तुम्ही ट्रेनिंग होत नाही म्हणताय, तर त्या दिवशी ट्रेनिंग नाहीये असंच धरा. मधला घरचा रविवार आहे ना, त्यातली सकाळ तिची. जायच्या आधी तिची सायकल नीट बघा, मुलांच्या सायकली बहुतेक वेळा बघितल्याच जात नाहीत. सीटवर बसून पायाचे पुढचे तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांना सहज पोचला पाहिजे, बहुतेक लिव्हरना तो जवळ आणायचा एक छोटा स्क्रू असतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. गर्दीचा रस्ता टाळा, आणि रस्त्यावर असाल तेव्हा तिला पुढे ठेवून तुम्ही मागे थोडं बाहेरच्या बाजूला राहा, म्हणजे गाड्यांना आधी तुम्ही दिसाल. वेग तिचा, थांबायचं कधी ते तिने ठरवायचं, आणि पहिल्या वेळी ती दमायच्या आतच घरी आणा, म्हणजे पुढच्या वेळी ती स्वतःहून हेल्मेट घालून दारात उभी राहील. सायकलचा कॉम्प्युटर घरी ठेवा, स्ट्रावा बंद. धाकट्याला सोबत न्यायचं असेल तर मागची सीट घ्यायच्या आधी तिची वजनाची मर्यादा बघा, बऱ्याच सीट्स २२ किलोपर्यंतच असतात, चार वर्षांचा मुलगा थोड्याच दिवसांत त्यात बसेनासा होतो. त्यापेक्षा त्याला पेडल नसलेली बॅलन्स बाइक द्या आणि घराजवळ चालवू द्या, ताईचं बघून शिकेल.